मोकळं आवर्तन

कीर्तनात बुवा मधेच थांबतात, पण विसरले म्हणून नव्हे. रंगलेली कथा अगदी टोकाला आणायची, हाताच्या खुणेनं टाळ-मृदंग शांत करायचे आणि समोरच्या एखाद्याला गाठायचं, "काय रावसाहेब, देव गेला असंल का हो त्या झोपडीत?" मग रावसाहेब मांडी सावरतात, टोपी सारखी करतात आणि म्हणतात, "गेला असंल की." बायकांच्या बाजूनं लगेच पुस्ती येते, "न जाऊन सांगतोय कुणाला!" मंडप हसतो आणि कथा पुढं सरकते. बुवा बोलतात तेव्हा ज्ञान मिळतं, टाळ वाजतात तेव्हा नाद मिळतो. पण देवाला यायचं तर बसायला जागा मोकळी लागते, आणि ती जागा म्हणजे हा थांबा, अशी निमसोंडच्या लोकांची श्रद्धा आहे.

ईश्वरी ढवणे ही जागा ठेवायला लहानपणीच शिकली. निमसोंडच्या विठ्ठल मंदिरात तात्याबुवांच्या मागं टाळकऱ्यांच्या दुसऱ्या फळीत ती उभी असायची. टाळ तिच्या हातापेक्षा मोठे. पुढं आवाज फुटला तो मात्र भलत्याच वाटेनं. गणपतीच्या मांडवात तिनं पहिल्यांदा रॅप केलं, नळाला पाणी का येत नाही यावर. शब्द एवढे झणझणीत की नगरसेवकाला प्रसादाचा शिरा खाताना ठसका लागला. तेव्हापासून तिचं नाव 'ठसका'.

पहिलं रेकॉर्डिंग झालं परवीन मुजावरच्या गॅसच्या गोदामात, भिंतींना गाद्या टांगून. परवीन तिची शाळेपासूनची मैत्रीण. आवाज टिपायचा, कापायचा, जोडायचा, सगळं तिच्याकडं. त्या पहिल्या गाण्यातच ईश्वरीनं एक गोष्ट केली. "सांगा, पाणी कुणी अडवलं?" असं विचारून तिनं अख्खं आवर्तन मोकळं सोडलं. ठेका नाही की शब्द नाही.

"अगं, मशीन बंद पडलं असं वाटंल लोकांना," परवीन म्हणाली होती.

"वाटू दे. बुवा थांबतात तेव्हा कुणाला वाटतं का?"

आणि खरंच, रिक्षात, चहाच्या गाड्यावर गाणं लागलं की त्या मोकळ्या आवर्तनात लोक बोलायचे. कुणी नाव घ्यायचं, कुणी शिवी हासडायचं, कुणी म्हणायचं, "तूच अडवलंस लेका, मोटार लावून!" भांडणं व्हायची, मिटायची. पाणीही आलं एकदाचं. रेशनवर, शाळेवर, दवाखान्यावर अशी तिची गाणी येत गेली. प्रत्येक गाण्यात एक प्रश्न असे आणि एक मोकळं आवर्तन. ती तिची सहीच झाली. कोल्हापूर, पुणे, नागपूर असे कार्यक्रम सुरू झाले, आणि त्याच सुमारास डूल आले.

डूल म्हणजे कानाच्या आत बसणारा तुरीच्या दाण्याएवढा मणी. आता तो सगळ्यांच्याच कानात असतो, त्यामुळं त्याचं नवल कुणाला उरलेलं नाही. पण त्याची करणी समजून घेतली पाहिजे. पूर्वी गाणं म्हणजे एक ठसा होता. तो ज्याच्या घरी जाईल तिथं तसाच वाजायचा. डूलमध्ये गाणं येतच नाही, गाण्याचं बी येतं: शब्द, चाल, ठेका आणि गाणाऱ्याच्या आवाजाची सगळी लक्षणं. त्या बियाचं झाड डूल तुमच्या कानात, तुमच्या मातीत उगवतो. कानाच्या नळीतली कातडी पातळ असते. तिच्याखालून वाहणारं रक्त डूल बघतो. नाडी कुठं जलद झाली, कुठं मंदावली, कानातला इवलासा स्नायू कुठं आखडला, हे सगळं तो टिपतो आणि पुढची ओळ त्या मानानं घडवतो.

सुरुवातीला हे वरदानच होतं. म्हाताऱ्यांना व्यंजनं ठळक ऐकू येऊ लागली. विदर्भातल्या माणसाला गाणं त्याच्या बोलीत मिळू लागलं. मग हळूहळू आवडीप्रमाणं एखादा शब्द मऊ होऊ लागला, एखादा कडक. रसाच्या गाड्यावर कुणाला आलं, कुणाला लिंबू, तसंच. 'मनरंगी' नावाच्या कंपनीनं गायकांकडून करारात 'रुचीनुसार सूक्ष्म बदल' याला संमती घेतली होती. ईश्वरीनंही अंगठा टेकवला होता. दोनचार शब्द इकडं तिकडं झाले तर काय बिघडतं, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं.

तिचं 'ओढा' हे गाणं तर राज्यभर गाजलं.

सोमवारी निळा ओढा, मंगळवारी लाल,
बाई म्हणे, "पाणी निळं", पोर म्हणे, "ते काल!"
मासा गेला, बेडूक गेला, गेला पाणकावळा,
माझ्या दारी कुणी ओतला रंगांचा हा सोहळा?
सांगा, रंग कुणी सोडला?

आणि मग मोकळं आवर्तन.

निमसोंडला ओढ्याच्या अलीकडच्या काठावर साड्या रंगवण्याचे कारखाने आहेत आणि पलीकडच्या काठावर जीन्स धुण्याचे. दोघांमध्ये मिळून पाणी शुद्ध करायची एक टाकी सरकारनं बांधून दिली होती. पलीकडच्यांच्या फेसानं टाकी बिघडते असं अलीकडचे म्हणत, आणि अलीकडच्यांच्या रंगानं तुंबते असं पलीकडचे. टाकीला कुलूप होतं, आणि ओढा होता दोघांचा.

ईश्वरीला वाटलं होतं, या गाण्यानं गाव बोलतं होईल. गाव ऐकत मात्र होतं. दोन्ही काठांवर गाणं रोज वाजत होतं, आणि कुणीही कुणाशी बोलत नव्हतं.

*

पुण्यात तिला थोरल्या बहिणीचा, वैजूआक्काचा फोन आला. आक्काची मुलगी आराध्या, घरची आरू, तिचं लग्न अगदी तोंडावर आलं होतं.

"ईश्वरे, दादा लग्नाला येत न्हाई म्हणालाय."

"आक्का, काहीतरीच काय! मामाच नसला तर पोरीला बोहल्यावर आणायचं कुणी?"

"ते तुझ्या गाण्याला इचार." आणि फोन बंद.

रणजितदादा आक्कापेक्षा लहान, ईश्वरीपेक्षा मोठा, पण घरात तो सगळ्यांचाच दादा. अलीकडच्या काठावर भाऊसाहेब जुगळ्यांच्या रंगकारखान्यात तो पाळीचा मुकादम. आक्का दिलेली पलीकडच्या काठावर. तिच्या घरचा जीन्स धुण्याचा छोटा कारखाना. आईबाप गेल्यावर या दोघांनीच ईश्वरीला वाढवलं. एकानं फी भरली, दुसरीनं वेण्या घातल्या. त्यामुळं ती दुसऱ्याच दिवशी निमसोंडला आली आणि आधी आक्काकडं गेली.

आक्का रुखवताचे लाडू वळत होती. वर न बघता म्हणाली, "ये. पाय धू. पाणी ओढ्याचं न्हाई, घाबरू नको."

"आक्का, गाण्यानं काय केलं?"

"काय केलं? तू छातीठोक नाव घेतलंस त्यात. 'सांगा, रंग कुणी सोडला? अलीकडच्यांनी, अलीकडच्यांनी!' मी आपलं दादाला म्हटलं, बघ, धाकटी बहीणसुद्धा खरं बोलली, आता तरी मालकाला सांग. तर आला की अंगावर! म्हणतोय, गाण्यात आमचं न्हाई, तुमचं नाव हाय. डोळ्यांदेखत खोटं!"

ईश्वरीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "आक्का, मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही. तिथं मी गप्प आहे."

"आता मला येडी ठरव. रोज ऐकते मी."

"आण तुझा डूल."

आक्कानं डूल काढून दिला. ईश्वरीनं तो स्वतःच्या कानात घातला, गाणं लावलं. प्रश्न आला आणि त्यामागून शांतता. अख्खं आवर्तन मोकळं. तिनं डूल परत केला. "बघ, काही नाही."

आक्कानं कानात घातला, ऐकला. तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "हे काय, म्हणालीस की आत्ता!"

परातीतला पाक आळत चालला होता.

*

परवीननं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "तुझ्या कानात घालून काय उपयोग बाई? डूल तुझा कान ओळखतो. तुला आवडतं काय? मोकळं आवर्तन. मग तुला तो मोकळंच ऐकवणार. इतकी वर्षं आपण दोघी डूल लावून तपासतोय आणि म्हणतोय, सगळं बरोबर आहे!"

"मग दुसऱ्याच्या कानातलं ऐकायचं कसं?"

"त्याच्या कानात असतानाच."

परवीनच्या नवऱ्याचं औषधाचं दुकान होतं. तिथून तिनं डॉक्टरची कानात घालायची नळी आणली, तिचं एक टोक कापून पातळ केलं आणि दुसऱ्या टोकाला आपला जुना माइक बांधला. दुपारच्या सुट्टीत दोघी जुगळ्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. रणजितदादा डबा घेऊन बाहेर आला. त्याची नखं त्या दिवशी किरमिजी होती.

"आलीस व्हय, पुण्याची पाव्हणी! आणि हे काय, माझी तपासणी?"

"दादा, एक गाणं ऐक. माझ्यासाठी."

"तुझं गाणं ऐकायला मला काय नळी लागतीय? रोज ऐकतो की." पण त्यानं कान पुढं केला. परवीननं डूलच्या शेजारून नळी सारली, आणि तिच्या हातातल्या साध्या स्पीकरवर दादाच्या कानातलं गाणं बाहेर आलं. मंगळवारी लाल. पोर म्हणे, ते काल. सांगा, रंग कुणी सोडला?

"पलीकडच्यांनी!" ईश्वरीचा आवाज म्हणाला. "पलीकडच्यांनी, पाहिलंय की साऱ्यांनी!"

तिचाच आवाज होता. तिचाच ठसका, तिचाच श्वास. यमकसुद्धा तिनं जुळवलं असतं तसंच जुळलेलं.

"बघ," दादा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "आक्काला ऐकव हे."

त्या दिवसात परवीननं ती नळी गावभर फिरवली. भाऊसाहेब जुगळ्यांच्या कानात गाणं म्हणत होतं, "सरकारनं!" सरकारी कचेरीतल्या साहेबांच्या कानात, "अडाणी लोकांनी!" लग्नासाठी पुण्याहून आलेल्या आरूच्या मैत्रिणीच्या कानात ते हळवं होऊन म्हणालं, "आपण सगळ्यांनी…" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गाणं एकच, गायिका एकच, आणि प्रत्येकाला हवा तो दोषी घरपोच.

ईश्वरीला तेव्हा आपले मोठमोठे कार्यक्रम आठवले. हजारो माणसं समोर, प्रत्येकाच्या कानात डूल, आणि मोकळ्या आवर्तनात सगळी कशी शांत, प्रसन्न उभी. तिला वाटायचं, लोक अंतर्मुख झालेत. लोक उत्तर ऐकत होते.

*

'मनरंगी'च्या पुण्याच्या कचेरीतून बोलणारी बाई स्वभावानं चांगली होती. तिनं चौकशी करून दोन दिवसांनी स्वतः फोन केला.

"मॅडम, यात कुणाचा हेतू नव्हता. डूलमध्ये एक भाग असतो, झीज भरणारा. तो मुळात जुन्या टेपांसाठी लिहिला होता. बुरशी लागलेल्या, तुटलेल्या टेपा असतात ना, त्यात मधेच आवाज जातो. तो भाग मागचं-पुढचं ऐकून गेलेला तुकडा अंदाजानं भरतो. तुमचं मोकळं आवर्तन त्याला झीजच वाटली."

"पण मी तिथं मुद्दाम गप्प बसले होते."

"ते त्याला कसं कळणार? त्याला एवढंच दिसतं की शांतता आली की ऐकणाऱ्याची नाडी ढळते, माणूस गाणं सोडून उठतो. मग तो अशा शब्दांनी भरतो की नाडी जागेवर येईल. प्रश्नानंतरची जागा, म्हणजे उत्तरच. आणि उत्तर कुठलं, तर त्या माणसाला पटणारं."

"हे बंद करता येतं?"

"येतं. गाण्याला कुलूप लावायचं. मग सगळ्यांना अक्षरशः एकच ऐकू जाईल." मग तिनं सावध केलं. "पण मॅडम, कुलूपबंद गाणी डूल स्वतःहून लावत नाही. कुणी नाव घेऊन मागितलं तरच. तुमचे ऐकणारे फार कमी होतील. तुम्ही आत्ता कुठं शिखरावर आहात. विचार करून सांगा."

ईश्वरीनं विचार करते म्हणून सांगितलं. त्याआधी तिला घर सांधायचं होतं. तिनं दादाला आणि आक्काला परवीनच्या गोदामात बोलावलं आणि एकमेकांच्या कानातलं ऐकवलं. तिला वाटलं होतं, दोघं हसतील, डोक्याला हात लावतील आणि संपेल.

दादानं सगळं नीट ऐकून घेतलं. "बरं. म्हणजे हे तू न्हाई बोललीस, मशीन बोललं."

"हो."

"मग मशीन खोटं काय बोललं? रंग पलीकडंच सोडत्यात."

"आणि तुमचा लाल काय आभाळातनं पडतो?" आक्का उसळली.

"बघ, ईश्वरे, हिची भाषा बघ. आणि मी हिच्या दारात मामा म्हणून उभा राहू?"

"नको राहू! आरूला चुलता आणंल बोहल्यावर!"

दोघं दोन दारांनी निघून गेली. परवीन हळूच म्हणाली, "डूल काढला तरी कान तोच राहतो गं."

*

तात्याबुवा आता थकले होते. गुडघे धरले होते, पण आवाजाला गंज नव्हता. मंदिरात हरिनाम सप्ताह चालू होता. मंडपाच्या दाराशी दोन टोपल्या असत, एकीत चपला सोडायच्या आणि दुसरीत डूल. "देवापुढं आलाय तर पाय आणि कान दोन्ही अनवाणी पाहिजेत," असं बुवांचं म्हणणं.

ईश्वरीनं पायावर डोकं ठेवून सगळं सांगितलं. बुवा ऐकताना डोळे मिटून मांडीवर ताल धरत होते.

"पोरी, गाणं पोचलं न्हाई असं म्हणतीस. पर तू विचारलंस कुणाला?"

"सगळ्यांना, बुवा. सगळ्या महाराष्ट्राला."

"तेच तर. सगळ्यांना विचारलं की आपल्याला विचारलं असं कुणाला वाटतं? मी मंडपात रावसाहेबाला विचारतो. रावसाहेबाचं तोंड मला दिसतं, माझं त्याला. उत्तर चुकलं तर त्याची बायको मागनं खोकते." बुवा हसले. "उद्या काल्याचं कीर्तन. पूर्वरंग मी करतो. पुढं तू उभी ऱ्हा."

"मी? बुवा, मी रॅप करते."

"मग? देवाला काय फक्त ओवीच कळती?"

तिनं विचारलं, "आणि कुणीच बोललं नाही तर?"

"तर उभं ऱ्हायचं. आपण जागा ठेवायची. भरणारा तो हाय."

*

काल्याच्या दिवशी सकाळी मंडप भरला. दहीहंडी बांधलेली, बुक्क्याचा वास, उन्हाचे कवडसे. एका बाजूला अलीकडचे, दुसऱ्या बाजूला पलीकडचे. देवाच्या दारातही मधे एक पट्टा मोकळाच. रणजितदादा खांबाला टेकून. आक्का बायकांत पुढं, आरूला शेजारी घेऊन. भाऊसाहेब जुगळे गालिच्यावर.

तात्याबुवांनी पूर्वरंग आटोपता घेतला, आपल्या गळ्यातला हार काढून ईश्वरीच्या गळ्यात घातला आणि बाजूला झाले. जिथं उभं राहून कीर्तन करायचं ती नारदाची गादी. तिथं पाय ठेवण्याआधी ती वाकून गादीच्या पाया पडली.

तिनं पखवाजवाल्याला ठेका सांगितला. तो जरा बिचकला, मग त्याला मजा येऊ लागली. टाळ त्या ठेक्यात बसले, जणू त्यासाठीच ओतले होते. सोमवारी निळा ओढा, मंगळवारी लाल. म्हातारी माणसं माना डोलवू लागली. मासा गेला, बेडूक गेला. बायकांच्या बाजूनं कुणीतरी "खरं गं बाई" म्हणालं.

"सांगा, रंग कुणी सोडला?"

तिनं हात वर केला. पखवाज थांबला, टाळ थांबले.

मंडप तिच्याकडं बघत राहिला. लोक वाट बघत होते. वर्षानुवर्षं या ठिकाणी उत्तर आपोआप आलं होतं, आता येईना. कुणी नकळत कानाला हात लावला, डूल आहे का बघायला. शांतता लांबत गेली, आणि मागच्या टाळकऱ्यांना वाटलं, पोरगी ओळ विसरली. कीर्तनकार अडला की टाळकऱ्यांनी सावरून घ्यायचं, ही तर रीतच. मोठ्या प्रेमानं त्यांनी गजर उचलला, "विठ्ठल विठ्ठल, विठ्ठल विठ्ठल!"

सगळा मंडप सुटल्यासारखा टाळ्या वाजवू लागला.

ईश्वरी मागं वळली आणि तिनं हात जोडले. "माउली, थांबा. मी विसरले नाही. तुम्ही पण भरू नका ही जागा. तो येतोय, त्याला येऊ द्या."

गजर ओशाळून थांबला. तात्याबुवा मिशीत हसले.

तिनं पुन्हा समोर बघितलं. या वेळी गायलं नाही, साधंच विचारलं, घरात विचारावं तसं. "सांगा की. रंग कुणी सोडला?"

कुणी बोलेना. पंखा फिरत होता. लहान मूल रडलं, त्याला कुणी गप्प केलं. ईश्वरीच्या मनात आलं, संपलं. रविवारी आरू चुलत्याच्या हातानं बोहल्यावर जाईल, आणि हे दोघं पुन्हा एका पंगतीला बसणार नाहीत. तरी ती उभी राहिली.

"आमी सोडतो."

आक्का होती. बसल्या जागेवरून, खाली बघत. "निळं पाणी आमच्यातलं. सकाळी सोडतो, म्हणून शाळंतली पोरं ओढा निळाच काढत्यात. घरचे म्हणत्यात, बोलू नगस. पर देवाम्होरं काय लपवू?"

तिच्या नवऱ्यानं मान खाली घातली. मधल्या पट्ट्यापलीकडं कुजबुज सुरू झाली, कुणीतरी "ऐका, ऐका!" म्हणून हात उडवला.

"गप रं," रणजितदादा खांब सोडून पुढं आला. तो आक्काकडं बघत होता. भांडायची सगळी तयारी करून आलेल्या माणसाच्या हातातली काठीच कुणी काढून घ्यावी, तसा त्याचा चेहरा झाला होता. "लाल आमचा हाय, आक्का. कॉक मी फिरवतो. मालक सांगत्यात, पर हात माझा." त्यानं आपली किरमिजी नखं वर केली. "आता हे लपतंय व्हय?"

मंडपात कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, आधी दबून, मग मोकळे. सगळ्यांच्या नजरा गालिच्यावर गेल्या. भाऊसाहेब जुगळ्यांनी घसा खाकरला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"तुम्ही पुढं गा की, बाई," ते म्हणाले.

"थांबली म्हणजे थांबली ती!" बायकांतून आवाज आला. "तुमचंच आवर्तन हाय हे, भाऊसाहेब!"

भाऊसाहेब कसंनुसं हसले. "टाकीची किल्ली माझ्याकडं हाय," ते शेवटी म्हणाले. "दुपारी उघडू. पलीकडचे दोघं या. काय तुंबलंय ते एकत्र बघू."

ईश्वरीनं पखवाजवाल्याकडं बघून मान हलवली. ठेका उठला, आणि आता टाळकऱ्यांनी गजर उचलला तेव्हा तिनं त्यांना थांबवलं नाही.

हंडी फुटली, काला वाटला गेला. मग रीतीप्रमाणं सगळे गादीवरच्या माणसाच्या पाया पडायला आले. आधी तात्याबुवाच वाकले, पाठोपाठ रणजितदादा. ईश्वरी एकदम मागं सरली. "दादा, तू नको!"

"तुझ्या न्हाई पडत, शाणे. गादीच्या पडतोय," तो म्हणाला, पण उठताना त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही.

पंगती बसायच्या आत ती दारापाशी आली, टोपलीतला डूल घेतला आणि पुण्याला फोन लावला. "सगळ्या गाण्यांना कुलूप लावा. पहिल्यापासून."

"नक्की? मॅडम, तुम्ही दिसेनाशा व्हाल हो."

"लावा."

तसंच झालं पुढं. महिन्याभरात ठसक्याचं नाव वरच्या यादीतून गेलं. मोठे कार्यक्रम थांबले. पण चौकातल्या स्पीकरवर, शाळेच्या पटांगणात, कुठल्याशा कारखान्याच्या फाटकावर कुणीतरी नाव घेऊन ते गाणं मागतं, आणि मोकळ्या आवर्तनात माणसं पुन्हा एकमेकांकडं बघून ओरडतात. ईश्वरी त्यातच सुखी आहे. परवीनच्या गोदामातल्या गाद्यांना नवीन खोळी घातल्या आहेत.

त्या दिवशी मात्र ती फोन ठेवून आत आली तेव्हा पंगत बसली होती. मधला पट्टा गेला होता. जागाच पुरेना, म्हणून अलीकडचे-पलीकडचे गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. आक्का आमटीची बादली घेऊन वाढत होती. ती दादाच्या पानाशी आली आणि थांबली.

"वाढ की," दादा म्हणाला.

"वाढते. रविवारी आरूला साडी आणायची मामानं. ध्यानात हाय न्हवं?"

"हाय. कुठल्या रंगाची आणू?"

"कुठल्या बी रंगाची आण. पर पक्की आण. न्हाईतर पयल्या धुण्याचं पाणी तुझ्याच दारात आणून ओतीन."

दादानं वाटी पुढं केली. "ओत की. आक्कानं ओतलं म्हणून मीच सांगंन गावभर."